टेबलाजवळची पेटी

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नाही, कपड्यांची नाही आणि टपालाचीही नाही. "बाळाला पेटीत ठेवलंय," असं कुणी हलक्या आवाजात सांगितलं की ऐकणारा हातातलं काम टाकून धावतो ना, त्यातली पेटी. काही जण मला काच म्हणतात. नावाला काच, खरं तर चांगल्या जाड प्लॅस्टिकची आहे मी. खाली हीटर, पंखा आणि पाण्याचा ट्रे, बाजूला हात घालायला गोल खिडक्या, आणि जरा काही बिनसलं की बोंब ठोकणारा अलार्म.

स्वभाव विचाराल तर भित्री. जन्मापासून भित्री नव्हते, झाले. कशी झाले, तेच सांगायचंय.

कारखान्यात माझी परीक्षा घेणारा माणूस मोठा मजेशीर होता. बाळाच्या जागी तो पाण्याची बाटली ठेवायचा आणि "रडू नको हं, राणी," असं तिला बजावून तापमान मोजायचा. बाटली पास, मी पास. त्याने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "जा, लेकरं सांभाळ." मला वाटलं, यात काय एवढं? बाटली काही मरत नसते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आम्ही चौघी एकाच गाडीतून या दवाखान्यात आलो. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून नवजात बाळांची खोली. दाराशी एक, मग दुसरी, मग तिसरी आणि टोकाला सिस्टरांचं टेबल. माझी वायर आखूड निघाली. ती टेबलामागच्या बोर्डापर्यंतच पोचत होती, म्हणून मला टेबलाला खेटून उभं केलं. पुढचं सगळं रामायण त्या आखूड वायरीमुळे घडलं.

टेबलापाशी थोरल्या सिस्टर बसायच्या. अंगाने भारी, गुडघ्यांनी बेजार, आणि आवाज असा की जिन्यातला माणूसही दबकत चढायचा. बाळांशी बोलताना मात्र तोच आवाज मऊ व्हायचा. "काय हो साहेब, दूध आवडलं नाही वाटतं?" असं त्या ओंजळभर जिवाला विचारायच्या. त्यांची सुट्टी असली की धाकट्या सिस्टर यायच्या. त्यांच्या पायाला भिंगरी. खुर्चीत टेकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

माझ्याकडे यायची ती बाळं फार म्हणजे फारच इवलीशी असायची. कातडीखालच्या शिरा दिसायच्या. श्वास घेता घेता मध्येच घ्यायचा विसरायची. मला वाटायचं, बाळं अशीच असतात. शेजारणींकडे कशी असतात ते मला दिसत नव्हतं, कारण आमच्यामध्ये पडदे होते.

पहिलं बाळ गेलं तेव्हा मी अलार्म वाजवतच राहिले. थोरल्या सिस्टरांनी बटण दाबून मला गप्प केलं आणि त्यांचा हात कितीतरी वेळ त्या बटणावरच राहिला. मग दुसरं गेलं. मग काही वाचली, गुटगुटीत होऊन घरी गेली. मग पुन्हा एक गेलं.

कुजबुज कुणी सुरू केली, सांगता येणार नाही. मी पहिल्यांदा ऐकली ती फरशी पुसणाऱ्या मावशींच्या तोंडून. माझ्याखालून पोछा काढता काढता त्या थांबल्या.

"सिस्टर, ही पेटी काही बरी नाही बघा. हिच्यातलं पोर टिकत नाही."

"गप बस गं. उगाच काहीतरी बोलू नकोस," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. पण बोलताना त्यांनी खुर्ची माझ्यापासून वीतभर लांब सरकवली. मला ते लागलं.

गोष्ट मोठ्या डॉक्टरांपर्यंत गेली. ते हलक्या कानाचे नव्हते. त्यांनी रीतसर आकडे काढले, आणि आकड्यांनीच घात केला. बाकी तिघींमध्ये मिळून जेवढी बाळं गेली होती, जवळजवळ तेवढी एकट्या माझ्यात गेली होती. मशीनवाल्याला बोलावणं गेलं. त्याने मला उघडून पंखा पाहिला, हीटर पाहिला, बाटली ठेवूनसुद्धा पाहिलं.

"एक नंबर आहे, साहेब. काही दोष नाही."

"मग बाळं का जातात?"

मशीनवाल्याने पान्हे गोळा केले.

त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटू लागली. हीटर टक् करून चालू झाला की वाटायचं, हाच तो. पंखा फिरला की वाटायचं, यातूनच काहीतरी आत जात असणार. चोराला आपण चोरी केल्याचं निदान ठाऊक तरी असतं. मला तेवढंही ठाऊक नव्हतं. मारत असेन तर ऊब देता देताच मारत होते, आणि थांबायचं कसं ते मला कळत नव्हतं.

शेवटी डॉक्टरांनी निर्णय घेतला. माझा प्लग काढला, अंगावर चादर टाकली आणि मला टेबलामागच्या कोपऱ्यात लोटलं. "सोमवारी भंगारवाला येईल," एवढंच मी ऐकलं. चादरीखाली काळोख होता. भंगाराच्या विचाराने मी हादरले, खोटं कशाला बोलू? पण मनाच्या एका कोपऱ्यात असंही वाटलं, की मी गेले तर पुढची पोरं तरी सुटतील.

सोमवारच्या आधी आकडेबाई आल्या. त्यांचं नाव काहीतरी वेगळं असणार, पण सगळे पाठीमागे हेच म्हणायचे. आरोग्य खात्यातल्या बाई, अंगाने काडी, आणि पिशवीत सदानकदा बिस्किटं. खात्यात कुणीतरी शोध लावला होता, की पेटीत ठेवलेली बाळं बाहेर ठेवलेल्या बाळांपेक्षा जास्त मरतात. तेव्हा पेट्या घ्यायच्या की नाही, हे ठरवण्यासाठी त्या दवाखाने पालथे घालत हिंडत होत्या. चादरीचं टोक उचलून त्यांनी विचारलं, "ही का झाकलीय?"

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. आकडेही दाखवले.

"डॉक्टर, आगीचा बंब ज्या घरी जातो ती घरं जास्त जळालेली असतात. बंब बंद करायचे का?"

"इथे तसं नाही हो. चारही पेट्या सारख्या. कंपनी एक, गाडी एक."

"पेट्या सारख्या आहेत. बाळं सारखी होती का?"

डॉक्टरांनी आकड्यांचा कागद पुन्हा पुढे ओढला. बाई थोरल्या सिस्टरांकडे वळल्या. "कुठलं बाळ कुठल्या पेटीत ठेवायचं, हे कोण ठरवतं?"

"ठरवायचंय काय त्यात? रिकामी असेल तिच्यात."

"आणि चारही रिकाम्या असल्या तर?"

सिस्टर बोलायला गेल्या आणि अडखळल्या. "तर... जे बाळ धड श्वास घेत नाही, ते इथे, टेबलाजवळ. माझ्या डोळ्यांसमोर राहतं. सारखं उठवत नाही हो मला, गुडघे..." मग त्या माझ्याकडे वळल्या. "अगं बाई! म्हणजे मीच?"

"तुम्ही काही चूक केली नाहीत. बरोबरच केलंत. फक्त सगळी नाजूक बाळं एकीच्याच वाट्याला आली, आणि आपण बाळं न बघता पेट्या मोजत बसलो."

डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे पेटी सुटली!"

"अहो, घाई नको. बाळं नाजूक होती हे खरं असेल, आणि पेटी खराब आहे हेही खरं असेल. दोन्ही एकदम असू शकतं."

चादरीखाली मला क्षणभर हायसं वाटलं होतं, ते तिथल्या तिथे विरलं. आशा लागल्यावर भीती आणखीनच वाढली.

बाई स्टूल ओढून कामाला लागल्या. आधी त्यांनी सारख्या वजनाची आणि सारखे दिवस भरलेली बाळं नोंदवहीतून काढून कागदावर जोडीजोडीने समोरासमोर मांडली. एक माझ्यातलं, एक शेजारणीकडचं. तसं पाहिल्यावर आमच्यातला फरक बराचसा गळून पडला. सगळा नाही. थोडा उरलाच.

"हे उरलंय ते कुठून आलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेच तर कळत नाहीये. सिस्टरांच्या नजरेला बाळाचं जे दिसतं, ते सगळं वजनकाट्यावर येत नाही. रंग, रडणं, अंगातला जोर. कदाचित तेच असेल. कदाचित पेटी असेल."

त्या उरलेल्या थोड्यात माझा जीव अडकला. सगळं मोजून झाल्यावर जे उरतं ते जर मीच असेन तर?

दुसऱ्या दिवशी धाकट्या सिस्टर कामावर होत्या. बाईंनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला.

"मी? मी दारापासून भरत येते. आधी पहिली रिकामी, मग तिच्या पुढची, आणि ही सगळ्यात शेवटी. मला काय, मी कुठे बसते?"

बाईंच्या हातातलं बिस्किट चहात विरघळून पडलं, त्यांना पत्ता नाही. "म्हणजे तुम्ही बाळाकडे बघून पेटी ठरवतच नाही! नाजूक असो की धडधाकट, ज्याचा नंबर लागेल ते तिथे जातं. जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखंच झालं हे." आणि त्या पुन्हा मान खाली घालून बसल्या. या वेळी फक्त धाकट्या सिस्टरांच्या पाळीतल्या बाळांच्या नोंदी घेऊन.

त्यांचं काम चालू असतानाच खालून हाक आली. दिवस भरायच्या कितीतरी आधी एक मुलगा जन्मला होता. तिन्ही पेट्या भरलेल्या होत्या. दोन बाळं एकीत ठेवायची सोय नाही, एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं. उरले मी, चादरीखाली.

बाळाला छातीशी धरून त्याची आत्या जिना चढून आली. शिवणकाम करणारी बाई, बाहीला दोऱ्याचे तुकडे तसेच चिकटलेले. बाळाची आई शुद्धीवर नव्हती. बाप दूरच्या रस्त्यावर ट्रक घेऊन गेलेला, फोन लागत नव्हता. धाकट्या सिस्टरांनी चादर ओढून माझा प्लग लावला, तशी आत्या दारातच थांबली.

"ही तीच ना? टेबलाजवळची? नको म्हणजे नको! खाली बायका सांगत होत्या मला."

"आत्याबाई, बाळ गार पडतंय," डॉक्टर म्हणाले.

"मी धरून बसते की! माझ्या अंगात ऊब नाही का? उद्या भावाला काय तोंड दाखवू मी? जाणूनबुजून ठेवलं असं होईल ना!"

माझा पंखा फिरू लागला होता. मला तापायला वेळ लागतो, आणि त्या वेळात मला वाटत होतं, बाई, ऐकू नकोस यांचं. घेऊन जा त्याला. लगेच वाटायचं, गार पडतोय तो, आण लवकर. दोन्ही मनापासून वाटत होतं.

डॉक्टरांनी आकडेबाईंकडे पाहिलं. "झालं का?"

"आत्ताच झालं." त्या उठून आत्याबाईंजवळ आल्या. "नंबराप्रमाणे जी बाळं या पेटीत आली, ती बाकीच्या पेट्यांतल्यांइतकीच वाचली. कमी नाही."

"म्हणजे माझा भाचा वाचेल?"

"ते मला नाही सांगता येणार. पुष्कळ बाळांचं मिळून सांगता येतं. एका बाळाचं नाही."

"मग तुमच्या हिशेबाचा उपयोग काय?"

बाईंनी चष्मा काढला. पुसला, पुन्हा पुसला. तेव्हा मला कळलं, त्याही घाबरल्या होत्या. "खरं सांगते, बाळं थोडी होती. माझा अंदाज इकडेतिकडे होऊ शकतो. पण एवढ्या लहान बाळाला बाहेर ठेवलं तर काय होतं, ते मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. माझा भाचा असता तर मी ठेवला असता."

आत्याबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मापं नीट घेतलीत ना?"

"दोनदा घेतली."

"मग ठेवा," त्या म्हणाल्या. बाळ सिस्टरांच्या हाती दिलं आणि मग भिंतीला टेकून हुंदके देऊन रडल्या.

पोरगं माझ्यात आलं. पहिला दिवस त्याचा श्वास थांबत थांबत चालला, आणि दर वेळी मी जीव खाऊन ओरडले. संध्याकाळी थोरल्या सिस्टर घरून आल्या, पाळी नसताना. आकडेबाई पिशवी भरत होत्या. सिस्टरांनी हळूच विचारलं, "बाई, जी गेली ना, ती मी दुसऱ्या पेटीत ठेवली असती तर?"

"ते कुणालाच कळणार नाही, सिस्टर. एकच बाळ दोन पेट्यांत ठेवून बघता येत नाही."

माझाही तोच प्रश्न होता, आणि हेच त्याचं उत्तर.

पोरगं वाचलं. अंग धरलं, गळा काढून रडू लागलं, आणि एके दुपारी आत्याबाई त्याला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेल्या. जाताना माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हिच्यामुळे जगला गं माझा राजा." आनंद व्हायला हवा होता, नाही का? पण जी गेली ती माझ्यामुळे गेली असं जर सांगता येत नसेल, तर हा माझ्यामुळे जगला असं तरी मी कुठल्या तोंडाने म्हणू?

भंगारवाला तर त्या सोमवारीच रिकाम्या हाताने परत गेला होता. थोरल्या सिस्टरांनी खुर्ची पुन्हा माझ्याजवळ ओढली आणि जाहीर करून टाकलं, "नाजूक बाळं इथेच, माझ्या डोळ्यांसमोर. कुणाला काय बोलायचं ते बोलू दे." बरोबरच आहे त्यांचं. पण याचा अर्थ मला चांगला कळतो. यापुढेही सगळ्यात जास्त बाळं माझ्यातूनच जाणार. कुजबुज पुन्हा होणार. कधी हा जिना चढायची वेळ आली आणि माझ्याबद्दल काही कानावर पडलं, तर एवढं तरी विचारा, की हिच्या वाट्याला आली ती बाळं होती कशी?

आज सकाळी एक मुलगी आली आहे. आतापर्यंत आलेल्या सगळ्यांपेक्षा लहान. मघापासून दोनदा श्वास घ्यायचा विसरली. बाहेर तिची आई खोलीच्या काचेला नाक लावून उभी आहे आणि माझ्याकडे कसं बघावं हे तिला कळत नाहीये. मी फार घाबरले आहे. हीटर चालू आहे.