दोन्ही ठेवल्या

सकाळी उठलो तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीवर बरोबरच्या (=) चिन्हांची एक आडवी रांग उमटली होती. रांगेच्या अलीकडे माझी बायको कुंदा पोळी लाटत होती. पलीकडेही कुंदाच पोळी लाटत होती. अलीकडची श्वास घेत होती, पलीकडची घेत नव्हती.

मला फारसं नवल वाटलं नाही. आदल्या दिवशी मी आणि तन्वीर शिकलगार, दोघांनी कोडची एकच ओळ आपापल्या परीने बदलली होती. अंधांना मजकूर वाचून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम आम्ही दोघं सांभाळतो. पगार नाही, भांडणं भरपूर. त्यातला आवाज कुंदाचा आहे. तन्वीरने दोन वाक्यांमधला तिचा श्वास पुसून टाकला होता. मी तो थोडा लांबवला होता.

आमच्याकडची रीत अशी की ज्याचा बदल मागाहून पोचतो, त्याने बसून दोन्ही जोडायचे. मागाहून माझा पोचला होता.

एकाच ओळीवर असे दोन बदल आले की कोडमध्ये त्यांच्या मधोमध ही रांग उमटते. ती असेपर्यंत प्रोग्राम चालत नाही, त्यामुळे घरातलंही काही पुढे सरकेना. नळाचं पाणी तोटीखाली वीतभर येऊन थांबलं. गॅस पेटला, पण तवा गारच राहिला. दार उघडून पाहिलं तर वरच्या खांबेटेबाई जिन्यात एक पाय उचलून उभ्या होत्या.

"उतरताय ना?" मी विचारलं.

"जमत नाहीये हो. तुमचं आटपा आधी."

मी लॅपटॉप घेऊन आत आलो. रांगेच्या पलीकडे तन्वीर बसला होता, त्याच्या साताऱ्याच्या घरातल्या वेताच्या खुर्चीत. तो जन्मापासून अंध आहे. इतकी वर्षं बरोबर काम करून आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो, आणि साधा चहा देता येत नव्हता.

"सुधन्वा, माझी ओळ ठेव," तो म्हणाला. "आम्ही तिप्पट वेगाने ऐकतो. त्यात वहिनींचा श्वास उचकीसारखा मधे येतो. परीक्षेत लोकांचे प्रश्न हुकतात रे."

"मग तिने श्वास कधी घ्यायचा?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

त्याचं म्हणणं रास्त होतं. राग यायला हवा होता, आला नाही. मला फक्त कुंदा हवी होती, श्वास घेणारी.

रांग जाड होत गेली. मागची भिंत सरकून माझ्या पाठीला टेकली, ओटा गुडघ्यांना लागला.

"अहो ऐका त्यांचं मला काही त्रास होत नाही उगाच ताणू नका," पलीकडची कुंदा कुठेही न थांबता म्हणाली. अलीकडची लाटत राहिली. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"एकच ठेव," तन्वीर म्हणाला. "कुठलीही ठेव, पण एकच."

तिसरा एक मार्ग असतो. दोन्ही ओळी ठेवायच्या, एकीखाली एक. नवखी माणसं असं करतात आणि आम्ही त्यांची टर उडवतो. मी दोन्ही ठेवल्या.

रांग गेली. भिंत मागे हटली, पाणी भांड्यात पडलं, जिन्यात खांबेटेबाईंचं पाऊल वाजलं. तन्वीर खुर्चीसकट साताऱ्याला गेला. घरात एकच कुंदा उरली. तिने पोळी तव्यावर टाकली. मला फार बरं वाटलं.

फोन वाजला.

"काय केलंस?" तन्वीरने विचारलं.

"दोन्ही ठेवल्या."

"वर कुठली?"

"माझी."

"म्हणजे वहिनी आधी श्वास आत घेणार," तो म्हणाला, "आणि मग माझी ओळ तो पुसणार. बाहेर काय येणार, सुधन्वा?"

कुंदा काहीतरी सांगायला माझ्याकडे वळली आहे. तिने श्वास आत घेतला आहे, ओठ उघडले आहेत. तव्यावरची पोळी एका बाजूने काळी होते आहे. मी तिच्या खांद्यांकडे बघतो आहे. ते वर गेले आहेत, अजून खाली आलेले नाहीत.