फ्रीजरवर जळणारी किसणी

मित्रांनो, मी एक जुनी किसणी आहे. माझी कड वाकली आहे, मधले दात बोथट झाले आहेत आणि स्वभाव म्हणाल तर दिवसेंदिवस जास्तच खरखरीत होत चालला आहे. त्याला कारण समोरचा तो फ्रीजर. मी त्याच्यावर जळते. उघडच सांगते, मनात ठेवून माझा गंज आणखी वाढायला नको.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गुळगुळीत पत्र्यावर ठोके बसले आणि मला दात आले. जन्मतःच दात असलेलं बाळ कुणाला आवडलं असतं? पण एका नव्या नवरीने मला दुकानातून हौसेने उचललं आणि तिच्या संसारात मी रुजू झाले.

पुढे तिला मुलगी झाली. ही पोर भाजीची हाडवैरीण. घासातला गाजराचा तुकडा अचूक शोधून बशीच्या कडेला ठेवायची, म्हणून आई तिला 'तपासनीसबाई' म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. त्या आतून फिकट होत्या, म्हणजे अंगात रक्त कमी. "भाज्या पोटात जायलाच हव्यात. कशा, ते तुम्ही बघा," त्यांनी आईला बजावलं.

तेव्हा आईने मला हाताशी धरलं. गाजर, बीट, कोबी, सगळं मी बारीक किसायचे आणि आई ते बटाट्यात मळून कटलेट करायची. तपासनीसबाईंना केशरी धागे दिसायचे, पण ते वेचता वेचता बाई थकायच्या आणि शेवटी खाऊन टाकायच्या. हळूहळू पापण्यांना रंग आला. "ही किसणी म्हणजे माझा उजवा हात," असं आई म्हणायची. काय दिवस होते ते!

मग आईला कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात नोकरी लागली. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायचे. त्याच सुमारास हा फ्रीजर आला, आणि त्याच्या पोटात भाज्यांच्या नगेट्सची खोकी आली. खोक्यावरचं गाजर इतकं गोंडस, की असलं गाजर मी जन्मात किसलं नव्हतं. तपासनीसबाई बशीभर नगेट्स बिनतक्रार फस्त करू लागल्या. "खाते गं बाई भाज्या!" आई कौतुकाने सांगायची. फ्रीजर घुर्रघुर्र करत ऐकायचा. मी खणाच्या तळाशी, झाकणांखाली, गंजत पडले. माझ्या मेहनतीने वाढलेली पोर आता त्याच्या दाराला लटकायची. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

मुलीच्या वाढदिवसाच्या दिवशी आईने आवराआवर केली आणि मला भंगाराच्या पिशवीत टाकलं. पिशवी दाराला टांगलेली होती. फाटक्या कोपऱ्यातून मी सारा थाट पाहत होते. नगेट्सची ताटं येत होती, रिकामी होत होती.

"तुला भाज्या आवडतात?" एका मैत्रिणीने विचारलं.

"छे! म्हणून तर मला हे आवडतात," आमच्या बाई म्हणाल्या. "ह्यात काढायला काहीच नसतं."

आई ताट घेऊन तिथेच उभी होती. तिने एक नगेट मोडला. मग दुसरा, मग तिसरा. आत पांढरा लगदा आणि कुठेतरी मटाराचं एखादं साल. वाढदिवसाला आलेल्या आत्याने खोकं उचलून चष्मा लावला.

"जे जास्त असतं ते आधी लिहितात, वहिनी. आधी बटाटा, मग मैदा, मग तेल. गाजर पार मिठाच्या शेजारी बसलंय. आणि मिठाचा हा आकडा नुसत्या तीन तुकड्यांचा आहे हं."

"ही तर दहा-दहा खाते!" आई खालीच बसली. "आणि मी भाजी म्हणून घालत होते गं."

भर पार्टीत तिने लेकीला जवळ ओढलं आणि तिची पापणी खाली करून पाहिली. ती पुन्हा फिकट झाली होती.

मित्रांनो, फ्रीजरचं बिंग फुटलं म्हणून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या. पण आईचे डोळे भरलेले दिसले आणि माझा आनंद तिथल्या तिथे विरला.

"फ्रीजर देऊनच टाकते," आई म्हणाली.

"त्याने काय केलं?" आत्या म्हणाली. "मटार गोठवले तरी मटारच राहतात. आत काय भरलंय ते बघायचं."

मला ते वाक्य मुळीच आवडलं नाही. पण ते खरं होतं.

पाहुणे गेल्यावर आईने पिशवी उपसली. लिंबू आणि मीठ लावून मला घासघास घासलं. सुट्टीच्या दिवशी गाजरं आणली आणि या वेळी मला लेकीच्याच हातात दिलं. तिचं बोट जरा खरचटलं, पण तिने हट्टाने सगळी गाजरं किसली. स्वतः किसलेलं गाजर कोण वेचून टाकतं? परातभर कटलेट झाले, आणि ते ठेवले कुठे? फ्रीजरमध्ये! आता आई दमून येते, त्यातले चार काढते, थोड्या तेलावर भाजते आणि म्हणते, "फ्रीजर आहे म्हणून बरं!" मेहनत माझी, नाव त्याचं. आयत्या बिळावर नागोबा!

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. काम झालं की मला लगेच धुवा आणि कोरडी करून ठेवा. खोक्यावरच्या चित्राला भुलू नका, घास मोडून आत बघा. आणि आत केशरी धागे दिसले, तर फ्रीजरचं कौतुक करण्याआधी एकदा खणाकडे बघा. मी तिथेच असते, अजून जळत.