चुलीतली खसखस

खसखशीचे ते पाच दाणे खरोखर जुने ठरले, तर कोणाच्या पदरात काय पडणार, याचा हिशोब संग्रहालयात सगळ्यांनी मनातल्या मनात करून ठेवला होता. तोंडाने जो तो विज्ञानाचं नाव घेत होता, ते सोडा. ताईला तिच्या प्रयोगशाळेसाठी नव्या इमारतीचा वरचा मजला मिळणार होता. दाणे नसते तर आहे ती खोलीसुद्धा नाणी विभागाने गिळली असती. संचालकांना, म्हणजे साहेबांना, निवृत्त होण्याआधी एकदा तरी टाळ्या पडतील असं भाषण करायला मिळणार होतं. आणि धाकटीला कायमची नोकरी. ती ताईची सख्खी बहीण, वर्षानुवर्षं हंगामी, आणि कागदोपत्री तिचं काम एका शब्दात मावायचं: धुलाई.

ती धुवायची माती. जुन्या वस्तीच्या खोदकामातून चुलीतली, उकिरड्यावरची, कणगीच्या तळाची माती पोत्यांत भरून यायची. मागच्या अंगणातल्या टाकीत पंप खालून पाणी ढकलायचा. माती तळाला बसायची आणि हजारो वर्षांपूर्वी जळून कोळसा झालेलं बी हलकं म्हणून वर तरंगायचं, काठावरून वाहत बारीक जाळीत पडायचं. जळलेलंच बी मिळतं, कारण न जळलेलं केव्हाच कुजून जातं. कोळशाला किडा लागत नाही की बुरशी. त्या काळ्या कणांवरून ताई सांगायची की हे लोक जव पेरत होते, मसूर पेरत होते, आणि पाऊस आटला तेव्हा आधी मसूर सोडली, जव धरून ठेवले. नाणी विभाग या दोघींना ‘जळकी मंडळी’ म्हणायचा. ताई म्हणायची, “त्यांचा माल चकाकतो, आपला जळलेला. तरी पोट कोणाच्या मालावर भरत होतं ते विचारा त्यांना.”

टाकी नीट चालते की नाही हे तपासायची एक रीत होती, आणि ती ताईनेच घालून दिलेली. दुकानातली खसखस लोखंडी तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, मोजून टाकीत टाकायची आणि त्यातली किती जाळीत परत येते ते पाहायचं. खसखसच का? कारण त्या जुन्या लोकांच्या शेतात ती असणंच शक्य नाही. म्हणजे दाणा दिसला की तो आपलाच, घोटाळा व्हायला जागा नाही.

आणि एके दिवशी चुलीच्या मातीतून खसखस निघाली.

ताईने तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारला होता. “या मातीत चाचणीची टाकली होतीस?”

“या मातीत नाही,” धाकटी म्हणाली होती, आणि ते अक्षरशः खरं होतं.

चुलीतल्या कोळशाचं वय आधीच काढून आलेलं होतं. चूल तेवढी जुनी, तर चुलीतला दाणाही तेवढाच जुना, असं साहेबांनी एका दमात ठरवलं. दाण्यांचंच वय काढून घ्यावं असं ताई दोनदा म्हणाली. त्यात दाणे जळून जातात आणि उत्तर यायला महिने लागतात, तोवर मजला नाण्यांना जाईल, असं साहेब दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा ताई गप्प बसली. या गोष्टीत एवढी एकच वेळ अशी आहे की ताई गप्प बसली.

संस्थेची विश्वस्त मंडळी ज्या दिवशी यायची होती, त्या सकाळी धाकटी टाकी चकचकीत करत होती. पाहुण्यांना टाकी चालवून दाखवायची होती. तिने जाळी ताणून धरणारं कडं सोडवलं, कधी नव्हे ते पूर्ण, आणि जाळीचा दुमडलेला काठ उलटा केला. दुमडीत काळे बारीक दाणे अडकलेले. नखावर घेऊन तिने उन्हाकडे धरले. वाटाण्यासारखा गोल नाही, राजगिऱ्यासारखा चपटा नाही. मूत्रपिंडाच्या आकाराचा, अंगावर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी.

तिला तो दिवस आठवला. पंप.

चुलीची पोती यायच्या दिवशी नवा पंप बसवला होता. तो पाणी नीट ढकलतो का, हे बघायला तिने नुसत्या पाण्यात चिमूटभर भाजलेली खसखस टाकली होती. मातीत नव्हे, म्हणून ती चाचणी तिच्या लेखी चाचणी नव्हतीच. आली तेवढी गोळा केली, बाकीची नळातून गेली असं धरलं. आणि त्याच दुपारी, त्याच जाळीत, चुलीची माती.

आता इथे धाकटीला वाटलं तर कडं परत आवळता आलं असतं. अंगणात कोणी नव्हतं. दुमडीतली खसखस चुलीतूनच आलेली असू शकते, असंही तिने स्वतःला सांगून पाहिलं, आणि ते खोटं नव्हतं हीच पंचाईत. कायम नोकरी म्हणजे काय, ते हंगामी माणसाला विचारावं. आणि त्या दाण्यांपासून ताई तिची ओळख करून देताना ‘ही माझी बहीण’ऐवजी ‘हिने शोधलं’ म्हणू लागली होती. हे दुसरं सोडायला जास्त जड होतं.

ती ओल्या हातांनीच आत गेली.

ताई आरशाशिवाय साडीची पिन लावत होती. “काय झालं? पाय पुसून ये.”

“ताई, पंप बसवला त्या दिवशी मी नुसत्या पाण्यात खसखस टाकली होती.”

ताईची पिन हातातच राहिली.

“त्या दिवशी म्हणजे चुलीच्या दिवशी?”

“चुलीच्या आधी. जाळीच्या दुमडीत आत्ता सापडली. हे बघ.”

“तुला आज आठवलं.”

“आज दिसलं, म्हणून आठवलं.”

“मी विचारलं होतं तुला.”

“तू मातीबद्दल विचारलंस.”

“बाई गं,” ताई हळूच म्हणाली, “तू वकील व्हायला हवी होतीस. आईला मी तेव्हाच सांगितलं होतं.”

मग तिने दार लोटून घेतलं, काचेची छोटी बशी काढली आणि पाचही दाणे मायक्रोस्कोपखाली ठेवले. उपाय एकच होता आणि तो दोघींनाही ठाऊक होता. तवा चुलीसारखा जाळत नाही. तव्यावरचा दाणा बाहेरून काळा होतो, पण आत बरेचदा कच्चा राहतो: तपकिरी, तेलाची चमक असलेला. असा कच्चा दाणा मातीत हजारो वर्षं टिकूच शकत नाही. म्हणजे फोडायचा. आत तपकिरी निघाला तर तो दुकानातला, वाद संपला. आत काळा निघाला तर मात्र काहीच ठरत नाही. तव्यावरही काही दाणे पुरते जळतात.

“आणि फोडला की गेला,” धाकटी म्हणाली.

“दिवा सरकव इकडे.”

पहिला दाणा ताईने सुईने दाबला. आत कोळसा. धाकटीने श्वास सोडला. दुसरा. कोळसा. बाहेर जिन्यावर खुर्च्या हलवल्याचे आवाज येत होते. ताईने सुई पदराला पुसली, एरवी तिने दुसऱ्या कोणाला असं करू दिलं नसतं, आणि तिसऱ्यावर टेकवली. दाणा निसटला, बशीभर फिरून परत आला. या वेळी तिने तो चिमट्याने धरला.

तिने मायक्रोस्कोपवरचा डोळा काढलाच नाही.

“ताई?”

“ये, बघ.”

आत तपकिरी होतं. दिव्याखाली ओलसर चमकत होतं.

तेवढ्यात साहेब आले. नवा कोट, भाषण खिशात. बशीकडे बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “काय चालवलंयत तुम्ही?”

ताईने सांगितलं. साहेबांनी ऐकलं, आणि त्यांचं डोकं किती झरझर चालतं ते अशा वेळीच कळतं. “दोन काळे निघाले ना? ते जुने. एखादा आजचा मिसळला, मान्य. तो फेकून द्या. उरलेले दोन अख्खे आहेत, ते दाखवा.”

“ते जुने आहेत हे तुम्हाला माहीत आहे, की हवं आहे?”

“बाई, मंडळी फाटकात आहेत. मजला गेला तर खोली गेली, खोली गेली तर ही,” त्यांनी धाकटीकडे मान वळवली, “घरी गेली. बघा बुवा. मी काही तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. फोडू नका एवढंच म्हणतो.”

धाकटीने ताईकडे पाहिलं. ताई बशीकडे पाहत होती. दारावर टकटक झाली आणि विषय तिथेच राहिला.

पाचसहा विश्वस्त आत आले, पुढे अध्यक्षबाई. त्या दातांच्या निवृत्त डॉक्टर. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत न बघता त्याच्या तोंडात बघायची सवय गेलेली नव्हती. साहेबांनी सुरुवात केली. दूर देशांशी व्यवहार, औषधाचं ज्ञान, वेदना शमवणारा आपला पूर्वज. फोडलेले तिन्ही दाणे वेगळ्या बशीत काढून ताईने ती कधी हातरुमालाखाली सरकवली, ते धाकटीला कळलंच नाही, आणि तिचा जीव टांगणीला लागला. म्हणजे ताई आता साहेबांचं ऐकणार. धाकटीला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही.

अध्यक्षबाई मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या. “एवढ्याशा दोन दाण्यांवर एवढा समारंभ?”

“दाणा छोटा, गोष्ट मोठी,” साहेब म्हणाले.

“छान दिसतात हो. पण बाहेरून सगळेच छान दिसतात. आत काय असतं?”

साहेब हसले. “ते फोडता येत नाहीत. अमूल्य आहेत.”

“मी आयुष्यभर अमूल्य वस्तूच कोरल्या,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “लोकांना विचारा, स्वतःची दाढ किती अमूल्य वाटते ते.”

विश्वस्त हसले. साहेब सर्वांत मोठ्याने हसले. ताई हसली नाही. तिने सुई उचलली, क्षणभर हातात धरली आणि अध्यक्षबाईंसमोर केली.

“तुम्हीच फोडा.”

“मॅडम,” साहेब म्हणाले, हसू तसंच ठेवून.

अध्यक्षबाईंनी सुई घेतली. दाणा निसटलासुद्धा नाही. एका दाबात दोन फाका. त्यांनी डोळा लावला. धाकटीने टेबलाची कड धरून ठेवली.

“तपकिरी आहे. किडल्यासारखं. याला असंच असायला हवं का?”

“नाही,” ताई म्हणाली. “तपकिरी आहे म्हणजे हा दाणा आजचा आहे. तव्यावर भाजलेला.” तिने हातरुमाल उचलला. “हा आणखी एक. चुलीच्या मातीत आमच्या चाचणीची खसखस मिसळली. बाकीचे जुने आहेत की नाहीत, ते मला सांगता येणार नाही. आज येणार नाही, आणि पुढे कोणी सांगितलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका.”

“कोणी मिसळली?”

“मी पंप...” धाकटी पुढे झाली.

“टाकी माझी आहे,” ताई म्हणाली. “रीत माझी आहे. चिमूट कोणाचीही असू दे.”

अध्यक्षबाईंनी सुई नीट बशीत ठेवली. “तुम्हाला आम्ही यायच्या आधीच ठाऊक होतं.”

“थोडा वेळ आधी.”

“मग माझ्याकडून का फोडून घेतलंत?”

खरं उत्तर असं होतं की तिसऱ्या दाण्यानंतर ताईच्या हातून पुन्हा फोडणं झालं नसतं. ते तिने सांगितलं नाही. ती म्हणाली, “आमच्याकडे जव आहेत. दुष्काळात मसूर सोडून जव धरलेल्या माणसांची सगळी चूल आहे. त्यात एकही दाणा खोटा नाही.”

“असेल,” अध्यक्षबाई उठत म्हणाल्या. “पण जवासाठी वरचा मजला द्या म्हणून मी कोणाला सांगू?”

वरचा मजला नाण्यांना गेला. ताईची खोलीही नाण्यांचीच झाली. तिला तिथे खिडकीकडचं एक टेबल आणि पडदा मिळाला. पडद्यापलीकडे नाणी मोजायचा आवाज दिवसभर येतो. साहेबांनी भाषण केलं, निवृत्त होताना, शास्त्रीय प्रामाणिकपणावर. आपल्याला पहिल्यापासून शंका होती, असं ते त्यात म्हणाले, आणि टाळ्या बऱ्या पडल्या. अध्यक्षबाईंचं काही गेलं नाही, काही आलं नाही. धाकटी हंगामीच राहिली; काढलं नाही, कारण गार चिखलात कोपरापर्यंत हात घालणारं दुसरं माणूस मिळेना. चूक कोणाची, हे सांगताना ताईने बाहेर तिचं नाव कधीच घेतलं नाही. घरी मात्र आईने ‘भाजी करपली का गं?’ एवढं विचारलं तरी ताई म्हणते, “हिला विचार. आतून तपकिरी असेल.” धाकटी मुकाट जेवते. लोकांसमोर ‘मी’ म्हणून ताईने तिला मोकळं होऊ दिलं नाही, ते देणं ती अजून फेडते आहे.

पाचवा दाणा फोडलाच नाही, आणि वय काढायला तो एकटा पुरत नाही. तो एका कुपीत आहे, अख्खा, आणि कदाचित खरा. तसं असेल तर सगळ्यांत जास्त किंमत मोजली ती त्या चुलीपाशी बसणाऱ्या बाईने. कुठून कुठून मिळवून तिने मूठभर खसखस पेरली असेल, पोराच्या दुखऱ्या पोटासाठी एक चिमूट चुलीवर शेकली असेल, आणि थोडी निखाऱ्यात सांडली असेल. आता तिचं कोणी ऐकणार नाही.