ओला तळहात

माझ्या धाकटीचं नाव न्याकियो, माझ्या आईचंच. आम्हा किकुयूंमध्ये दुसरी मुलगी आईच्या आईचं नाव घेऊनच येते. त्यामुळे माझी आई नैरोबीच्या दवाखान्यातल्या खाटेवरूनही बाळाकडे बोट दाखवून मला दटावायची, "मला उपाशी ठेवतेस होय गं? बघ, किती वाळलेय मी!"

मळ्यात चहा खुडताना आईला फिट आली आणि कळलं, तिच्या मेंदूच्या आवरणावर लिंबाएवढी गाठ होती. ती काढताना फार रक्त जाऊ नये म्हणून आधी मांडीतून बारीक नळी वर नेऊन, तिच्यातून बारीक कण सोडून गाठीचा रक्तपुरवठा तोडायचा आणि दोन दिवसांनी कवटी उघडायची, असं ठरलं. डॉक्टर अचोला म्हणाले होते, "क्वचित चेहरा लुळा पडतो, क्वचित गाठ सुजते. काही वेगळं वाटलं तर लगेच सांगा." सही मीच केली होती.

मंगळवारी गाठीचा रक्तपुरवठा तोडला. बुधवारी सकाळी गेले, तर आईने डोक्याचा रुमाल गालावर ओढून घेतलेला. "एसीचा गारठा," म्हणाली. निघताना मी बाळाचा तळहात पुढे केला. त्यावर हलकेच थुंकून आशीर्वाद द्यायची आमच्या म्हाताऱ्यांची रीत. आईची थुंकी म्हणजे इस्त्रीआधी कपड्यावर पाणी शिंपडावं तशी. आज ओठच मिटेनात. लाळ हनुवटीवरून ओघळली.

मी रुमाल सारला. उजवा गाल उतरलेला, डोळा अर्धा उघडा.

"कधीपासून?"

"पहाटेपासून. बोलू नकोस कुणाला. घाबरतील आणि गाठीसकट घरी धाडतील. तोंड वाकडं चालेल मला, पण चहा खुडताना परत ती फिट नको."

बाळ तिच्या रुमालाचं टोक चघळत होतं. मी नर्सला हाक मारली.

"चुगलखोर," आई म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "काही कण चेहऱ्याच्या नसेला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गेलेत. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं, पण खात्री देत नाही. डोळ्याला मलम लावून पट्टी बांधू, नाहीतर तो सुकेल. आणि गाठही सुजायला लागलीय. उद्यापर्यंत थांबायचं नाही, आजच काढू."

"म्हणजे घरी नाही धाडत?"

"नाही हो आजी, उलट घाई करतोय."

आई माझ्याकडे बघेना.

गाठ निघाली. तीन आठवड्यांनी घरी निघालो. चेहरा वाकडाच होता. तिने स्वतःच बाळाचा हात ओढला, ओठाचं उजवं टोक बोटाने दाबून धरलं आणि थुंकली. अर्धं तळहातावर, अर्धं माझ्या बाहीवर.

"घे," म्हणाली, "चुगलखोरालाही मिळालं."