अकरा उलटे चष्मे

“जुना ड्रायव्हर वर्षभर हूं की चूं करत नव्हता! आणि तुमचा हा नवा, पंधरा दिवस झाले, रोज चार-चार वेळा काम अडवून बसतोय!”

चष्म्यांच्या कारखान्याचे मालक इतक्या मोठ्यानं बोलत होते, की कॉम्प्युटर कंपनीच्या साहेबांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी समोर बसलेल्या बाईंना शब्दन् शब्द ऐकू येत होता.

फोन ठेवून साहेब म्हणाले, “बाई, स्वतः जा आणि तुमची ती तपासणी बंद करून या. गिऱ्हाईक हातचं जाईल.”

कॉम्प्युटर आणि त्याची डिस्क यांच्या मधे ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्रॅम असतो. माहिती डिस्कवर नेऊन ठेवायची आणि मागितली की आणून द्यायची, एवढंच त्याचं काम. कारखान्यासाठी लिहिलेल्या नव्या ड्रायव्हरला बाईंनी एक शिस्त लावली होती. माहिती ठेवताना तिच्यावरून एक खूण काढायची, ती शेजारी लिहून ठेवायची. परत आणताना खूण पुन्हा काढून ताडून बघायची. जुळली नाही, तर माहिती द्यायचीच नाही. सरळ नकार.

हा नकार ऑफिसात कुणालाच आवडत नसे. बाईंच्या पाठीमागे सगळे त्यांना ‘खात्रीबाई’ म्हणत. घरीही तीच तऱ्हा. नवरा म्हणाला, “कुलूप लावलं,” की त्या विचारत, “ओढून बघितलं?” बिचारा तीन जिने परत चढून जाई. पाचातून एकदा कुलूप खरंच लोंबकळत असे, म्हणून त्याला भांडायचीही सोय नव्हती.

कारखान्यात पुढच्या टेबलाशी मालकांची आई बसली होती. तिनं बाईंच्या मागे रिकाम्या दाराकडे पाहिलं.

“तो ड्रायव्हर कुठंय? गाडीतच बसवलात का? काढून टाका हो त्याला. फार मुजोर आहे म्हणे.”

“आई, तो माणूस नाहीये!” मालक आतून ओरडले.

“तेच म्हणते मी,” आई म्हणाली.

मागच्या खोलीत काचा घासायची यंत्रं पाण्याच्या बारीक धारेखाली घरघरत होती. कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ तयार चष्मे खोक्यात भरून त्यांना चिकटपट्टी लावत होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाटी होती : ‘वाचलेली माहिती ठेवलेल्या माहितीशी जुळत नाही.’

“बंद करा ही कटकट,” मालक म्हणाले.

“करते. पण नक्की काय जुळत नाही, ते आधी बघते.”

बाईंनी तपासणी तेवढ्यापुरती बाजूला ठेवली आणि एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर डिस्कवरून वाचायला घेतला. एकदा नाही, लागोपाठ शंभर वेळा. सत्त्याण्णव वेळा आला प्लस सव्वातीन. तीन वेळा आला मायनस सव्वातीन.

“यंत्रात प्लस-मायनस म्हणजे फक्त एक चिन्ह असतं,” त्या म्हणाल्या. “तुमची डिस्क बिघडलीय. मधूनच ते चिन्ह उलटं करून देते. जुना ड्रायव्हर बघायचा नाही, मिळेल ते आणून द्यायचा.”

“मायनस?” मालकांचा आवाज एकदम खाली आला.

कोपऱ्यात चिकटपट्टी फाडल्याचा आवाज अर्ध्यावरच थांबला.

“मी हेच सांगत होतो,” म्हातारे गृहस्थ म्हणाले. “पडद्यावर मायनस होतं. तुम्ही बघायला आलात, की प्लस व्हायचं.”

ते इथले काच घासणारे मिस्त्री. तीस वर्षं त्यांच्या हातचा एक चष्मा परत आला नव्हता. मग गेल्या वर्षभरात अकरा आले. एका गिऱ्हाईक बाईंनी त्यातला एक लावून शेजारणीच्या नवऱ्याच्या हातात बाजाराची पिशवी दिली होती आणि उशीर केला म्हणून त्याला झापलंही होतं. त्यानं निमूट सामान आणून दिलं, ही गोष्ट वेगळी. मालकांनी तिसऱ्या चष्म्यापर्यंत धीर धरला, पाचव्याला मिस्त्रींचे डोळे तपासले, अकराव्याला, गेल्याच महिन्यात, त्यांना खोक्यांपाशी बसवलं.

“ते अकरा आहेत का अजून? आणि मूळ कागद?” बाईंनी विचारलं.

मालकांनी खण उघडला. बाईंनी एकेक चष्मा यंत्रावर मोजायला लावला, एकेक कागद शेजारी ठेवला. अकराच्या अकरा चष्म्यांचा आकडा बरोबर, फक्त चिन्ह उलटं.

“हात चुकला असता, तर कुठं पाव चुकला असता, कुठं अर्धा,” त्या म्हणाल्या. “इतकं नेमकं चुकायला हात फार चांगला लागतो.”

मिस्त्री जवळ आले. “म्हणजे माझे डोळे...?”

“उत्तम.”

“आणि डोकं? सूनबाई मला हाताला धरून रस्ता ओलांडायला लावते हो. मीही धरू देतो. म्हटलं, आपल्याला दिसतं एक आणि असतं एक, काय सांगावं.”

“डोकंही उत्तम. वाकडी होती ती डिस्क.”

मालक खाली बघत म्हणाले, “मिस्त्री, मी... मला निदान कागद तरी काढून बघायला हवे होते.”

“मीही वर्षभर स्वतःला खोटं ठरवत होतो. तुम्हाला काय बोलू?”

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. “झाली का बंद?”

“झाली,” बाई म्हणाल्या. “डिस्क. नवी मागवलीय. तपासणी चालू राहील.”

पलीकडे साहेब काहीतरी बोलू लागले, तसा मालकांनी फोन मागून घेतला आणि सकाळइतक्याच मोठ्यानं म्हणाले, “त्यांना काही बोलू नका!”

मिस्त्रींनी बोटांना चिकटलेले पट्टीचे तुकडे एकेक करून काढले. मोरीवर कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि आपल्या जुन्या यंत्राशी जाऊन बसले. मधल्या दिवसांत कुणीतरी उंच माणसानं तिथलं स्टूल वर चढवून ठेवलं होतं; त्यांचे पाय जमिनीला पोचेनात. ते उठले. खाली वाकून स्टुलाचा आटा एकेक फेरा फिरवत राहिले, मधे एकदा बसून पाहिलं, पुन्हा दोन फेरे फिरवले. मग नीट टेकले आणि काचेवर पाणी सोडलं.