परबेचं पाणी

पाण्या-मातीचे नमुने घ्यायच्या दिवशी पेट्रोल भरायचं नाही, अत्तर लावायचं नाही, हातांना क्रीमसुद्धा नाही. शलाकाच्या कामातला हा साधा नियम फत्तेसिंहरावांच्या गळी काही उतरेना. जिवलग मित्राची मुलगी स्कूटर घेऊन आपल्या मांजलपूरच्या पंपावर येते आणि टाकी न भरता उभी राहते, म्हणजे काय!

"अगं बेटा, घरचा पंप आहे. इथे कसली लाज?"

"लाज नाही काका. हाताला थेंब जरी लागला तरी तो नमुन्यात उतरतो. मग पाण्यातलं पेट्रोल कुठलं आणि माझ्या हातावरचं कुठलं, हे कसं कळायचं?"

"पाण्यात पेट्रोल! शुं वात करे छे!" फत्तेसिंहराव हसले, पण मिशीतल्या मिशीत. त्यांना राग आला होता.

पंपामागच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्याला वास येऊ लागला होता. रहिवाशांनी शलाकाच्या कंपनीला तपास करायला सांगितला होता. जमिनीखालच्या टाक्यांपाशी बारीक भोकं पाडून खालची माती वर काढली, की गळती आहे की नाही ते कळणार होतं. त्यासाठी मालकाची परवानगी हवी, आणि मालक अडून बसले होते. सरकारी दट्ट्या लावता आला असता. पण वडील गेले त्या वर्षी दिवाळीला फराळाचा डबा घेऊन दारात उभा राहिलेला हा माणूस. त्याच्यामागे दट्ट्या लावायचा तिला धीर होत नव्हता. त्याहून वाईट म्हणजे, काकांना सगळं ठाऊक आहे आणि ते लपवताहेत, ही शंका तिला आतून कुरतडत होती.

"रोज सकाळी मी स्वतः टाकीत दांडा सोडून माप बघतो," ते म्हणाले. "मेळ चोख बसतो. थोडी घट येते, ती उन्हाची. बडोद्याच्या उन्हात पेट्रोल उडणारच ने?"

"आणि जमिनीत मुरलं तर?"

"चल, आधी पाणी पी. डोकं थंड होईल तुझं."

फाटकाशी कडुनिंबाखाली त्यांची परब होती, म्हणजे पाणपोई. दोन मोठे माठ, वर पत्रा, आणि पाटीवर चिमणाबाईंचं नाव. बायको गेल्यावर फत्तेसिंहरावांनी ती घातली. पंपामागे त्यांची जुनी विहीर होती. तिचं पाणी चिमणाबाईंना फार आवडायचं, म्हणून माठ भरायचे ते तिथूनच. ते काम ते नोकरांवर सोपवत नसत.

"हल्ली मेलं कोणी थांबतच नाही," माठातून तांब्या भरून घेत ते कुरकुरले. "फुकटचं गोड पाणी सोडून लोकांना बाटल्या हव्यात. जमानाच तसला आला."

मागच्या खोलीत बसल्यावर त्यांनी दोन पेले भरले. आपला पेला एका दमात रिकामा केला आणि मिशी पुसली. शलाकाने आपला पेला ओठांशी नेला आणि हात तिथेच थांबला. वास अगदी पुसट होता, पण होता.

"कसं आहे? गोड ने?"

ते तिच्याकडे इतक्या आशेने बघत होते की तिला भडभडून आलं. ठाऊक असलेला माणूस असं पाणी घटाघटा पिणार नाही. काका खोटं बोलत नव्हते. मनावरचं ओझं उतरलं म्हणावं, तोच दुसरं येऊन बसलं. आता हे यांना सांगायचं कसं?

तिने पिशवीतून सुभानपुऱ्याहून, घरून आणलेली पाण्याची बाटली काढली. दुसरे दोन पेले बाटलीतल्या पाण्याने भरून खिडकीत ठेवले. तीस वर्षं पंपावर गाड्यांत पेट्रोल भरणाऱ्या विश्रामला तिने हाक मारली आणि त्यातल्या एका पेल्यात पेट्रोलचे दोन थेंब टाकायला सांगितले. स्वतः हात लावला नाही.

"काका, डोळे मिटा. कशाला वास येतो ते सांगा."

"हे काय, पोरखेळ?" असं म्हणत त्यांनी डोळे मिटले. विश्रामने एकेक पेला त्यांच्या नाकाशी धरला. शलाकाला दारापाशी उभं राहूनही पेट्रोलचा भपकारा येत होता. फत्तेसिंहरावांनी पहिला हुंगला, दुसरा हुंगला, पुन्हा पहिला मागितला.

"दोन्ही सारखेच. साधं पाणी."

त्यांनी डोळे उघडले. एका पेल्यावर इंद्रधनुषी तवंग तरंगत होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विश्रामकडे पाहिलं.

"तुला येतो वास?"

विश्रामने पेला नाकाशी नेला आणि ओशाळून मान हलवली. "नाही साहेब."

आयुष्यभर पेट्रोलच्या वासात उभी राहिलेली नाकं ती, त्यांनी कधीच हात टेकले होते.

"म्हणजे लोक बाटलीसाठी जात नव्हते," फत्तेसिंहराव हळूच म्हणाले. "त्यांना वास यायचा. बायकोच्या नावाची परब, नवऱ्याला तोंडावर कोण सांगणार? गपचूप पेला ठेवून निघून जायचे." "तिच्या नावानं मी हे पाजत होतो गं."

"काका, तुम्हाला माहीत नव्हतं."

"ज्यांना वास आला ते वाचले. पण मग माठ रोज रिकामे कसे व्हायचे?"

ते ताडकन उठून दाराबाहेर गेले. दुपारची पाळी सुटत होती. रंग उडालेल्या युनिफॉर्ममधली त्यांची माणसं, कोणी पंधरा वर्षं जुनी, कोणी वीस, नेहमीप्रमाणे कडुनिंबाखाली जमली होती. एकाने पेला माठात बुडवला होता.

"ठेव तो!" फत्तेसिंहराव ओरडले. "कोणी पिऊ नका रे, कोणीच पिऊ नका!"

माणसं गोंधळून बघत राहिली. साहेबांना आज झालं तरी काय? फत्तेसिंहरावांनी माठाच्या तोंडावर पालथा हात ठेवला आणि शलाकाकडे वळून म्हणाले, "कुठे भोकं पाडायची ती पाड. आजच पाड."