मी खोटं माप दाखवलं नव्हतं

मित्रांनो, निंगव्वाला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी तिच्या नवऱ्याच्या, कोट्रप्पाच्या गळ्यात होते. बेटगेरीच्या दुकानातून तो तसाच उठून हुबळीच्या दवाखान्यात गेला होता. मी त्याची जुनी टेप. तेवीस वर्षं शिंप्याच्या गळ्यात राहिले. कोणत्या कारखान्यात माझ्यावर आकडे छापले ते आठवत नाही. माणसं मात्र आठवतात.

बारा वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे निंगव्वाचा डावा स्तन काढावा लागला. कोट्रप्पाने मला पुन्हा पुन्हा लावून तिच्या ब्लाउजात कापसाची गादी अशी बसवली, की जत्रेत शेजारणींनाही फरक कळला नाही. निंगव्वा मला बोटाने थोपटून म्हणाली, "मास्तर, तुमची टेप गुणाची आहे." ती बरी झाली. मग त्या आजाराचं नावही घरात कोणी काढलं नाही.

गेल्या दिवाळीला तिचं माप छत्तीसवरून चौतीसवर आलं.

"ही टेप ताणली गेलीय. कमी दाखवते," कोट्रप्पा म्हणाला.

"टेपला कशाला नावं ठेवता? साखर निघाली म्हणून मी भाकरी कमी केलीय."

"बरंच झालं. नवरी दिसशील पुन्हा."

"हळू बोला, दिवाळीला आलेले जावई ऐकतील!"

त्याने शिवण आत घेतली. उगादीला, म्हणजे पाडव्याला, माप बत्तीस झालं. त्याने पुन्हा आत घेतली. पाठ दुखते म्हणाली, तर बाम चोळला. साखरेच्या डॉक्टरांना दोघांनी जुना आजार सांगितलाच नाही. बरा झालेला आजार, कशाला उकरायचा?

हुबळीचे डॉक्टर म्हणाले, "एक कॅन्सर होऊन गेलेल्या काही जणांना दुसऱ्याचा धोका थोडा जास्त असतो. सगळ्यांना होत नाही. पण वजन उतरत होतं, साखर अचानक निघाली होती. जुना आजार सांगायचा होता हो."

घरी येऊन कोट्रप्पाने मला लोखंडी पट्टीवर ठेवलं आणि एकेक इंच पडताळून पाहिला. मी बरोबर होते.

श्रावणात निंगव्वा गेली. आता तो मशीनवर बसतो, उठतो, दारात जातो, परत येतो. मला बोटाला गुंडाळतो, सोडतो, पुन्हा गुंडाळतो.

परवा मिरचीच्या वखारीत काम करणारी रुद्रव्वा आली. तिचंही तसंच ऑपरेशन नऊ वर्षांपूर्वी झालेलं. गादीचे ब्लाउज ती इथेच शिवून घेते.

"मास्तर, दोन्हीकडून आत घ्या. पोरीच्या लग्नात ढगळ नको."

त्याने मला लावलं. तीन इंच कमी.

"नाही घेणार. आधी डॉक्टरकडे जा. जुना आजार सांग."

"शिंपी आहात की डॉक्टर? वखारीत राबून वाळले मी. लग्न उरकलं की बघू."

"निंगव्वाला मी असंच आत घेत गेलो, रुद्रव्वा."

ती ब्लाउज उचलून निघून गेली. तेव्हापासून तो दोनदा तिच्या दारी जाऊन आला.

मित्रांनो, आकडा आवडला नाही म्हणून टेपला दोष देऊ नका. घरातलं कोणी विनाकारण वाळत असेल, तर कपडे आत घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि मागचा आजार लपवू नका.

रुद्रव्वा अजून डॉक्टरकडे गेलेली नाही.